बावीस दिवसांचा पहारा

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत एकतीस वर्षं खेळ शिकवले. क्रिकेट आणि खो-खो हे माझे विषय. धाकटी लेक अमेरिकेत ओहायो राज्यात, क्लीव्हलंडजवळ राहते. मध्यंतरी तिच्याकडे गेलो तेव्हा जावईबापूंनी बेसबॉलचा सामना दाखवायला नेलं. ते म्हणाले, ‘बाबा, २०१७ साली ह्या संघाने ओळीने २२ सामने जिंकले होते, आणि ते जिंकले पिचरांनी.’ मला बॅट कळते, चेंडू कळतो, पण हे काही कळलं नाही. एखादा गोलंदाज एखादा सामना जिंकून देतो, हे मी शंभरदा पाहिलंय. पण २२ सामने, नुसत्या चेंडू टाकण्याच्या जोरावर? हा नशिबाचा भाग म्हणायचा की ह्यात आमच्यासारख्यांनी शिकण्यासारखं काही आहे?
— एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : सर, जावईबापूंनी सांगितलं ते अगदी खरं आहे. २४ ऑगस्ट ते १४ सप्टेंबर २०१७ ह्या २२ दिवसांत क्लीव्हलंडचा संघ २२ सामने खेळला आणि सगळे जिंकला. मधला एक दिवस पावसात गेला, एक दिवस सुट्टीचा होता, आणि दोन दिवस असे होते की एकाच दिवशी दोन-दोन सामने खेळावे लागले. ह्या २२ सामन्यांत त्यांनी १४२ धावा काढल्या आणि प्रतिस्पर्ध्यांना दिल्या फक्त ३७. सात सामन्यांत समोरच्या संघाला एकही धाव मिळाली नाही. त्यांच्या फलंदाजांनी ह्या काळात ४१ होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे थेट मैदानाबाहेर जाणारे फटके, मारले. म्हणजे समोरच्या संघांनी सगळ्यांनी मिळून जेवढ्या धावा काढल्या, त्यापेक्षा ह्यांचे होमरनच जास्त भरले. तेव्हा ह्या संघाचं नाव ‘इंडियन्स’ होतं. ते नाव अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरून आलेलं होतं, आपल्याशी त्याचा संबंध नव्हता. २०२२ च्या हंगामापासून संघ ‘गार्डियन्स’ झाला.

आता मूळ प्रश्न. आपण मनात एक मोठा गोलंदाज धरून हा प्रश्न विचारला आहे, आणि अडचण तिथेच आहे. हे २२ सामने एका माणसाने जिंकलेच नाहीत. बेसबॉलमध्ये ते शक्यच नसतं. आपल्या गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो तेव्हा वीणा सात दिवस जमिनीवर टेकू देत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा ती गळ्यात घेतो. संध्याकाळी मंडप भरलेला असताना वीणेकरी कोण आहे, हे सगळ्यांना दिसतं. पण सप्ताह ‘अखंड’ राहतो तो पहाटे तीनच्या पहाऱ्याला उठून येणाऱ्या माणसामुळे. तो झोपून राहिला तर बाकीच्यांनी कितीही सुरेल भजन केलं तरी सप्ताह खंडित झाला. क्लीव्हलंडच्या विजयमालिकेचं मर्म हेच आहे. त्यांच्याकडे मोठा पिचर होताच. २०१७ मध्ये त्यांना पहाटेच्या पहाऱ्याची माणसंही मिळाली.

प्रश्न : पिचर आणि आपला गोलंदाज ह्यांत एवढा फरक काय?

उत्तर : क्रिकेटमध्ये चार-पाच गोलंदाज षटकं वाटून घेतात आणि पुढच्या सामन्यात बहुधा तेच पुन्हा उतरतात. बेसबॉलमध्ये सामना एका ‘स्टार्टर’च्या हाती सुपूर्द करतात. दुसऱ्या टोकाकडून चेंडू टाकणारा कुणी नसतो. एका सामन्यात नऊ डाव, दर डावात तीन बाद, म्हणजे समोरच्या संघाचे २७ गडी बाद करायचे असतात. स्टार्टरने त्यातले १८ ते २१ एकट्याने उरकावेत अशी अपेक्षा असते. तो थकला की त्याच्या जागी राखीव पिचर येतात. त्यांना ‘रिलीव्हर’ म्हणतात आणि ते जिथे हात गरम करत बसतात ती जागा ‘बुलपेन’.

शंभरच्या आसपास चेंडू टाकल्यावर स्टार्टरचा खांदा आणि कोपर इतके शिणतात की साधारणपणे त्याला चार दिवस विश्रांती देतात आणि पाचव्या दिवशी पुन्हा उभं करतात. हंगाम असतो सुमारे सहा महिन्यांचा आणि सामने १६२. म्हणून प्रत्येक संघाला पाच स्टार्टरांची पाळी लावावी लागते. आज पहिला, उद्या दुसरा, परवा तिसरा.

ह्याचा सरळ अर्थ असा की तुमच्याकडे जगातला सर्वांत चांगला पिचर असला, तरी तो पाचातला एकच सामना तुम्हाला राखून देऊ शकतो. उरलेले चार दुसऱ्यांना राखायचे असतात. २२ सामने ओळीने जिंकायचे म्हणजे ही पाळी चार वेळा पूर्ण फिरायला हवी, आणि एकदाही कुणाच्या हातून वीणा खाली ठेवली जायला नको. ह्या २२ सामन्यांत क्लीव्हलंडच्या स्टार्टरांच्या नावावर १९ विजय लागले आणि पराभव एकही नाही.

प्रश्न : मग २०१७ मध्ये नेमकं काय सुधारलं?

उत्तर : त्यासाठी आधीच्या वर्षाची गोष्ट सांगायला हवी. २०१६ मध्ये हाच संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अंतिम फेरीपर्यंत पोचला होता. पण तिथे पोचेपर्यंत पिचरांची पाळी मोडून पडली होती. कार्लोस कारास्को हा व्हेनेझुएलाचा पिचर. सप्टेंबरात एका फलंदाजाने सरळ मारलेला चेंडू त्याच्या हातावर आदळला आणि हाड मोडलं. ट्रेव्हर बावरचं बोट घरी ड्रोन दुरुस्त करताना कापलं. भर सामन्यात त्या बोटातून रक्त ठिबकायला लागलं आणि पहिल्याच डावात त्याला मैदान सोडावं लागलं. मग सगळा भार कोरी क्लूबर ह्या एकट्या माणसावर आला. शिकागो कब्जविरुद्ध त्याने पहिला सामना खेळला, मग नेहमीपेक्षा कमी विश्रांती घेऊन चौथा, आणि पुन्हा तशीच कमी विश्रांती घेऊन सातवा. क्लीव्हलंड ३-१ असं पुढे होतं आणि ४-३ असं हरलं. एरवी फलंदाजांना हातोहात चकवणाऱ्या क्लूबरला त्या सातव्या सामन्यात एकाही फलंदाजाला स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, करता आलं नाही. त्याची जिद्द कमी पडली नव्हती. हातात जीवच उरला नव्हता.

२०१७ मध्ये ही पाळी भरून निघाली. क्लूबरचीही सुरुवात वाईट झाली होती. पाठ धरली होती, आणि पहिल्या सहा सामन्यांत त्याची सरासरी होती ५.०६. ही सरासरी काढायची कशी? पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावांना नऊने गुणायचं आणि त्याने टाकलेल्या डावांनी भागायचं. म्हणजे नऊ डावांमागे तो किती धावा देतो ते कळतं. चारच्या आसपास साधारण, तीन चांगली, दोन म्हणजे फारच थोर. क्लूबरला महिनाभर विश्रांती दिली. १ जूनला तो परतला आणि तिथून हंगाम संपेपर्यंत २३ सामन्यांत त्याची सरासरी होती १.६२. त्या वर्षाचा साय यंग पुरस्कार, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा मान, त्यालाच मिळाला.

पण क्लूबरपेक्षा मला मोलाचे वाटतात ते बाकीचे चौघे. कारास्कोच्या कोपरावर २०११ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती. २०१४ मध्ये तर त्याला स्टार्टरांच्या पाळीतून काढून बुलपेनमध्ये बसवलं होतं. तिथे त्याने मोठा हेलकावा घेऊन चेंडू टाकायची सवय सोडली, छोट्या आणि स्थिर पवित्र्यातून टाकायला लागला, आणि ऑगस्टमध्ये पाळीत परतला तो कायमचा. २०१७ मध्ये त्याने पूर्ण २०० डाव टाकले आणि १८ सामने जिंकले. बावरने वेगवान चेंडूचा हट्ट कमी करून कर्व्हबॉलचा वापर वाढवला आणि १७ सामने जिंकले. माइक क्लेव्हिंजर हा नवखा. त्याची सरासरी ३.११ होती.

आणि मग जॉश टॉमलिन. ह्याचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या आसपास. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीवरच्या, पिचरांत हा वेग कमीच म्हणायचा. वर्षाची सरासरीही साधारण, ४.९८. पण त्याने वर्षभरात १४१ डाव टाकले आणि त्यांत फुकट चाल, म्हणजे चुकीचे चार चेंडू टाकून फलंदाजाला आयताच पहिल्या तळावर जाऊ देणं, फक्त १४ वेळा घडलं. दहा डावांत जेमतेम एकदा. वेग नाही, पण दिशा पक्की. हाच आपल्या सप्ताहातला पहाटे तीनचा माणूस.

आणखी एक लक्षात घ्यावं. क्लूबर, कारास्को, बावर, क्लेव्हिंजर हे चौघेही क्लीव्हलंडच्या घरचे नव्हते. ते चार वेगळ्या संघांकडून अदलाबदलीत आले, आणि आले तेव्हा चौघांपैकी कुणीही नावारूपाला आलेला नव्हता. ज्यांच्यात काही आहे पण अजून जमत नाही, अशी माणसं ओळखायची आणि तीन-तीन, चार-चार वर्षं त्यांच्यावर काम करायचं, असं हे धोरण होतं. त्या वर्षी संघाच्या पिचरांनी मिळून १,६१४ स्ट्राइकआउट केले. तोपर्यंतच्या मेजर लीगच्या इतिहासात एका हंगामात इतके कुणीही केले नव्हते. सामन्यामागे जवळजवळ दहा, म्हणजे २७ पैकी दहा गडी क्षेत्ररक्षकाला कामाला न लावताच बाद.

प्रश्न : तो चेंडू फिरतो तरी कसा? टप्पा तर पडतच नाही.

उत्तर : आपण क्रिकेट शिकवलंय, म्हणून हे आपल्याला चटकन समजेल. हे लिहिताना माझ्या टेबलावर एक बेसबॉल आहे. हातात घेतला की पहिल्यांदा जाणवतं ते त्याचं हलकेपण. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा, हा १४५ च्या आसपास. मग बोटं शिवणीवर जातात. आपल्या चेंडूची शिवण मधोमध सरळ पट्ट्यासारखी धावते. ह्याची लाल शिवण घोड्याच्या नालेसारखी वळत जाते, चेंडूला विळखा घालते आणि परत येऊन मिळते. तिच्यात १०८ दुहेरी टाके असतात. चेंडू हातात जरा फिरवला की दर वेळी बोटांखाली शिवणीचा वेगळा भाग येतो. पिचरची सगळी विद्या ह्या पकडींमध्ये आहे.

दोन बोटं शिवणीवर आडवी ठेवून सरळ सोडला की तो फास्टबॉल. सोडताना बोटं त्याला मागच्या बाजूला फिरकी देतात. त्या फिरकीमुळे हवा चेंडूला किंचित उचलून धरते आणि फलंदाजाला वाटतं त्यापेक्षा तो कमी खाली येतो. कर्व्हबॉलमध्ये मनगट असं वळतं की चेंडू पुढच्या बाजूला फिरत निघतो. आपल्या लेगस्पिनरचा टॉपस्पिनर टप्प्याआधी जसा एकदम डुबतो, तसाच हाही डुबतो. स्लायडर खालीही जातो आणि आडवाही सरकतो. चेंडू हवेला एका अंगाला ढकलतो आणि हवा त्याला उलट अंगाला ढकलते, एवढंच त्यामागचं विज्ञान. क्रिकेटमध्ये खेळपट्टीची मदत मिळते. इथे जे काही करायचं ते हवेतच.

पिचरच्या उंचवट्यापासून फलंदाजापर्यंतचं अंतर आहे १८.४४ मीटर, आपल्या बावीस यार्डांपेक्षा जरा कमी. ताशी १५० किलोमीटरने निघालेला चेंडू हे अंतर सुमारे ०.४ सेकंदात कापतो. मारायचा की सोडायचा हे फलंदाजाला चेंडू अर्ध्या वाटेवर यायच्या आत ठरवावं लागतं. म्हणून पिचरचं खरं कौशल्य एकाच हाताच्या हालचालीतून तीन वेगळे चेंडू काढण्यात असतं. निघताना तिन्ही सारखे दिसायला हवेत.

२०१७ हे वर्ष ह्या दृष्टीने कसोटीचं होतं. त्या हंगामात सगळ्या मेजर लीगमध्ये मिळून ६,१०५ होमरन झाले, तोवरच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त. फलंदाज चेंडू खालून उचलून मैदानाबाहेर घालवायच्या मागे लागले होते. वेगवान चेंडूची वाट पाहत असलेल्या अशा फलंदाजापुढे क्लूबरचा आणि बावरचा खाली डुबणारा चेंडू आला की बॅट त्याच्यावरून जायची.

प्रश्न : पण नशिबाचा भाग असेलच ना?

उत्तर : असतोच, आणि तो मोजताही येतो. मी कागदावर हिशेब करून पाहिला. मालिका सुरू होण्याआधी क्लीव्हलंडने १२५ पैकी ६९ सामने जिंकले होते, म्हणजे शंभरात पंचावन्न. त्या दराने खेळणाऱ्या संघाने आजपासून ओळीने २२ सामने जिंकण्याची शक्यता सुमारे पावणेपाच लाखांत एक इतकी येते. नुसत्या नशिबाच्या भरवशावर हे घडायचं नव्हतं.

आता दुसरा हिशेब. बेसबॉलचे अभ्यासक बिल जेम्स ह्यांनी एक सोपं सूत्र दिलंय. काढलेल्या धावांचा वर्ग करा, दिलेल्या धावांचाही वर्ग करा, दोहोंची बेरीज करा आणि पहिल्या वर्गाला त्या बेरजेने भागा. संघाने किती सामने जिंकावेत ह्याचा बऱ्यापैकी अंदाज मिळतो. १४२ धावा काढून ३७ देणारा संघ ह्या सूत्राप्रमाणे शंभरात सुमारे ९४ सामने जिंकतो, आणि त्याने ओळीने २२ जिंकण्याची शक्यता जवळजवळ चारात एक येते.

खरी गंमत पुढे आहे. त्या वर्षी मेजर लीगमधला संघ सामन्यामागे सरासरी ४.६५ धावा काढत होता, म्हणजे २२ सामन्यांत सुमारे १०२. क्लीव्हलंडची फलंदाजी आहे तशीच उत्तम ठेवू आणि पिचिंग मात्र साधारण धरू : काढल्या १४२, दिल्या १०२. तेव्हा २२ विजयांची शक्यता सुमारे साडेनऊ हजारांत एक अशी खाली येते. आता उलट करू. पिचिंग तेच ठेवू आणि फलंदाजी साधारण धरू : काढल्या १०२, दिल्या ३७. शक्यता येते साधारण पंधरात एक. कुठे साडेनऊ हजारांत एक आणि कुठे पंधरात एक! जावईबापू ‘पिचरांनी जिंकले’ म्हणाले ते भावनेच्या भरात नव्हे, ह्या आकड्यांतूनही तेच दिसतं. वाचवलेल्या धावांत क्षेत्ररक्षकांचा वाटा असतो, पिचरला चेंडू कुठे टाकायचा ते खुणेने सांगणाऱ्या कॅचरचा असतो, आणि यान गोम्स व रोबेर्तो पेरेझ हे क्लीव्हलंडचे दोन्ही कॅचर ह्या कामात तरबेज होते. तरी मोठा वाटा पिचरांचाच.

ह्याच्या मागचं एक चक्रही पाहण्यासारखं आहे. स्टार्टर सातव्या डावापर्यंत टिकला की बुलपेनमधल्या राखीव पिचरांना त्या दिवशी थोडंच काम पडतं. दुसऱ्या दिवशी ते ताजे असतात. ते ताजे आहेत हे ठाऊक असलं की त्या दिवशीचा स्टार्टर हात राखून ठेवत नाही. सुधारणा अशी एकाकडून दुसऱ्याकडे पसरत जाते. क्लीव्हलंडचा सर्वांत नावाजलेला रिलीव्हर अँड्र्यू मिलर गुडघ्याच्या दुखण्यामुळे ह्या मालिकेचा बहुतेक काळ बाहेरच होता. तरीही चक्र थांबलं नाही.

प्रश्न : ह्यातला एखादा प्रसंग सांगाल का? डोळ्यापुढे उभा राहील असा?

उत्तर : दोन सांगतो. पहिला १२ सप्टेंबरचा. विसावा विजय मिळवायचा होता, आणि तो मिळाला तर अमेरिकन लीगच्या, म्हणजे मेजर लीगमधल्या ज्या लीगमध्ये क्लीव्हलंड खेळतं तिच्या, विक्रमाशी बरोबरी होणार होती. पाळी क्लूबरची होती. समोर डेट्रॉइटचा संघ. क्लूबरने नऊच्या नऊ डाव एकट्याने टाकले, एकही धाव दिली नाही, २-० असा विजय. चेहऱ्यावर आनंद नाही की ताण नाही. चेंडू परत घ्यायचा, टोपी नीट करायची, पुढचा टाकायचा.

दुसरा प्रसंग दोन दिवसांनंतरचा, १४ सप्टेंबरचा, बाविसाव्या सामन्याचा. पाळी टॉमलिनची, आपल्या पहाटेच्या पहारेकऱ्याची. समोर कॅन्सस सिटी रॉयल्स. त्या रात्री क्लीव्हलंडच्या बॅटा गप्प होत्या. नववा डाव आला तेव्हा ते १-२ असे मागे होते. दोन गडी बाद झाले. फलंदाजीला फ्रान्सिस्को लिंडोर. त्याच्यावर दोन स्ट्राइक पडल्या. आता एक चेंडू चुकला की सगळं संपलं. मैदानावरचे हजारो लोक उभेच होते. लिंडोरने चेंडू डाव्या बाजूच्या कुंपणाकडे मारला. रॉयल्सचा क्षेत्ररक्षक अ‍ॅलेक्स गॉर्डन, झेल घेण्यात नावाजलेला, मागे पळत जाऊन भिंतीपाशी उडाला. चेंडू त्याच्या हाताच्या पलीकडे भिंतीवर आदळला. पहिल्या तळावरचा खेळाडू धावत घरी आला आणि बरोबरी झाली. दहाव्या डावात होझे रामिरेझ दुसऱ्या तळावर पोचला आणि जे ब्रूसने उजव्या रेषेलगत मारलेल्या चेंडूवर तो घरी आला. ३-२.

दुसऱ्या दिवशी लिंडोर आणि ब्रूस ह्यांचं कौतुक झालं, आणि व्हायलाच हवं होतं. पण सर, आपण शिक्षकाच्या नजरेने धावफलक पाहा. दहा डावांत समोरच्या संघाला दोनच धावा मिळाल्या होत्या. त्या रात्री पिचरांनी तीन किंवा चार दिल्या असत्या, तर लिंडोरचा तो फटका बरोबरीचा ठरलाच नसता. फलंदाज एका क्षणात सामना फिरवतो, हे खरं. पण फिरवण्याजोगा सामना शिल्लक ठेवतो तो पिचर.

प्रश्न : ह्याआधी कुणी एवढे सामने जिंकले होते का?

उत्तर : अमेरिकन लीगचा आधीचा विक्रम ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा होता, २००२ मधला, २० विजयांचा. ‘मनीबॉल’ ह्या चित्रपटामुळे ती मालिका आपल्याकडेही अनेकांना ठाऊक आहे. त्या चित्रपटात कमी पैशांत फलंदाज निवडण्याची कथा रंगवली आहे. पण त्या संघाकडे टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झीटो असे तीन तगडे स्टार्टर होते आणि झीटोला त्याच वर्षी साय यंग पुरस्कार मिळाला, हे पडद्यावर फारसं ठसत नाही. १९३५ मध्ये दुसऱ्या लीगमधल्या शिकागो कब्जने २१ जिंकले होते. आणि १९१६ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने २६. मात्र त्या २६ च्या मधे एक सामना बरोबरीत सुटला होता, त्यामुळे सर्वांत लांब मालिका कुणाची, ह्यावर अभ्यासकांत आजही वाद होतो. त्या जायंट्सचे हे सगळे सामने स्वतःच्या मैदानावर झाले. क्लीव्हलंडने मात्र ह्या २२ पैकी ११ सामने दुसऱ्यांच्या गावी जाऊन जिंकले.

प्रश्न : पुढे काय झालं? आणि आमच्या मुलांना ह्यातून काय सांगू?

उत्तर : १५ सप्टेंबरला त्याच रॉयल्सने त्यांना ४-३ असं हरवलं. सामना संपल्यावर लोक जागचे हलले नाहीत. उभं राहून टाळ्या वाजवत राहिले आणि खेळाडू बाहेर येऊन टोप्या उंचावून उभे राहिले. हंगामअखेर संघाच्या खात्यात १०२ विजय जमले. पण बाद फेरीत यँकीजविरुद्ध २-० ने पुढे असताना ते ३-२ असे हरले. क्लूबर दोनदा खेळला आणि दोन्ही वेळा त्याला मार बसला. तेव्हा विजयमालिका म्हणजे विजेतेपद नव्हे, हेही मुलांना सांगायलाच हवं. १९१६ च्या जायंट्सनी २६ जिंकले आणि तरी ते चौथ्या क्रमांकावर राहिले.

मुलांना काय सांगायचं, हे मी आपल्यासारख्यांना काय सांगणार? तरी दोन गोष्टी मांडतो. पहिली हाताची. अमेरिकेत मेजर लीग आणि तिथल्या राष्ट्रीय बेसबॉल संघटनेने २०१४ मध्ये लहान पिचरांसाठी मार्गदर्शक नियम काढले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने एका दिवशी ९५ पेक्षा जास्त चेंडू टाकायचे नाहीत, आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकले तर पुढे चार दिवस पूर्ण विश्रांती. आपल्या शाळांच्या स्पर्धांत एक मुलगा जलद टाकतो म्हणून सकाळच्या सामन्यात त्याच्याच हाती चेंडू, दुपारच्याही सामन्यात त्याच्याच हाती, आणि तो अठराव्या वर्षी खांदा धरून बसतो. हे आपण पाहिलं असेल. मीही पाहिलंय आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. २०१६ च्या सातव्या सामन्यात क्लूबरच्या हाताचं जे झालं, ते तेरा वर्षांच्या मुलाच्या हाताचं होऊ देऊ नये.

दुसरी गोष्ट पहिलीतूनच निघते. त्या मुलाला विश्रांती द्यायची तर चेंडू दुसऱ्याच्या हाती द्यावा लागेल, आणि तो दुसरा आज तयार नसेल. त्याच्याकडे वेग नसेल. सरावात तो कडेला उभा राहून चेंडू आणून देत असेल. त्याला रोज वीस चेंडू टाकायला लावा, फक्त एका ठरलेल्या जागी. वेग मागू नका, दिशा मागा. टॉमलिनकडे तेवढंच होतं आणि बाविसाव्या रात्री वीणा त्याच्याच गळ्यात होती.